वाचनालय मोबाइलमध्ये मावतं का?

‘आता कशाला हवं वाचनालय? सगळं मोबाइलवर मिळतं की!’ हे वाक्य हल्ली कुठेही कानावर पडतं. लग्नाच्या पंगतीत, भिशीत, एसटीच्या रांगेत. म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, त्याला ते खरंच वाटत असतं. पण मैत्रिणींनो, या ‘सगळं’मध्ये नेमकं काय येतं, ते कुणाला मिळतं आणि कुणाच्या पैशाने, हे एकदा तपासून बघायला हवं. कारण लहान गावात राहून वाचणाऱ्या बाईचा यात थेट संबंध आहे.

आधी मोबाइलच्या बाजूचं मान्य करू. एकेकाळी मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड बघायचे तर मोठं ग्रंथालय गाठावं लागे. आज तो संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, तेही मोफत. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलीला त्याचा मोठा आधार आहे. मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर न दिसणाऱ्या सासूबाईंना पडद्यावरचं अक्षर बोटाने मोठं करता येतं. अंध वाचकाला तर मोबाइल मजकूर वाचूनच दाखवतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि वाचनालयांना कुलपं लागली, ती आपल्या राज्यात ऑक्टोबरात निघाली. ते सात महिने अनेकींचं वाचन मोबाइलनेच टिकवलं.

वाचनालयाच्या रोजच्या कारभारातही फोन उपयोगी पडतो. नव्या पुस्तकांची यादी व्हॉट्सॲपवर टाकता येते. पुस्तक परत आलंय का, हे घरून विचारता येतं. मुदत वाढवून घेता येते. एका पुस्तकासाठी तीन हेलपाटे मारायला नकोत. त्यासाठी महागडी यंत्रणा लागते असंही नाही. आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘ई-ग्रंथालय’ नावाची प्रणाली बनवली आहे. ‘कोहा’ नावाची आणखी एक प्रणाली तर जगभर फुकट वापरली जाते. ती बनली न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण भागाच्या ग्रंथालयासाठी, १९९९ मध्ये. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. छोट्या गावाच्या गरजेतून निघालेली वस्तू आज मोठमोठी विद्यापीठं वापरतात, हे ऐकून बरं वाटतं ना?

मग बिघडलं कुठे? तर वाचनालय म्हणजे नुसता पुस्तकांचा साठा नव्हे, इथे. वाचनालय म्हणजे उसनं देण्याची सोय. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसं पुस्तक आणायचं, वाचायचं, परत करायचं. पाचशे रुपयांचं पुस्तक वाचनालय एकदा विकत घेतं आणि पानं सुटी होईपर्यंत ते शंभर घरं फिरतं. त्यासाठी प्रकाशकाची पुन्हा परवानगी लागत नाही. विकत घेतलेली प्रत आपली, ती कुणालाही वाचायला द्यावी. घरखर्चातून पुस्तकासाठी वेगळे पैसे काढणं जिला कधीच जमलं नाही, त्या बाईचं सगळं वाचन या एका सोयीवर उभं आहे.

मोबाइलवरच्या पुस्तकाला हा नियम लागू होत नाही. तिथे आपण पुस्तक विकत घेत नाही, वाचायची परवानगी विकत घेतो. आणि परवानगी देणारा अटी घालतो. अमेरिकेतली ग्रंथालयं कितीतरी वर्षं ई-पुस्तकं घरबसल्या उसनी देतात. पण २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या मोठ्या प्रकाशनसंस्थेने अट घातली, की ग्रंथालयाने घेतलेलं ई-पुस्तक २६ वेळा दिलं गेलं की संपलं. पुढे हवं तर पुन्हा पैसे भरा. कागदी पुस्तक फाटलं तर आपण डिंक लावून, पुठ्ठा चढवून चालवतो. हे पुस्तक न फाटताच बाद!

मराठीत तर आपण त्याच्याही अलीकडे आहोत. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या अखेरीस आली. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं आणि मराठी पुस्तकं कानांनी ऐकायची सोय झाली. सोय चांगलीच आहे. पण तिथे पैसे भरायचे ते ज्याचे त्याने. तालुक्याच्या वाचनालयाने एक प्रत घ्यावी आणि आपल्याला आठवडाभर मोबाइलवर द्यावी, असा रस्ता मराठी पुस्तकांसाठी अजून बांधलेलाच नाही.

‘पण जुनी पुस्तकं तर फुकट मिळतात,’ असं कुणी म्हणेल. मिळतात, आणि त्यामागे कायदा आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०११ पासून ‘श्यामची आई’ सर्वांची झाली. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ चं, तेही सर्वांचं. पण विभावरी शिरूरकर या नावाने लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर २००१ मध्ये गेल्या. त्यांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ चं असूनही त्यावरचा हक्क २०६१ पर्यंत चालेल. म्हणजे आजी-पणजीच्या काळातलं काही वाङ्मय मोकळं, आणि आजच्या बाईने आजच्या जगण्यावर लिहिलेलं मात्र पैसे मोजून. मग गटागटांतून पीडीएफ फिरतात. त्या फुकट वाटतात, पण ते लेखिकेच्या कष्टाचे पैसे बुडवणं आहे. वाचनालय निदान एक प्रत तरी विकत घेतं.

दुसरा प्रश्न याहून घरगुती आहे. मोबाइल असतो कुणाच्या हातात? २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या शंभरातल्या साधारण ५४ बायकांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या बायका शंभरात ३३ आणि पुरुष ५७. त्यानंतर स्मार्टफोन आणखी पसरले हे खरं. पण घरात फोन असणं आणि तो दुपारचा तासभर आपल्याकडे असणं यात फरक आहे. मुलाचा अभ्यास, नवऱ्याचा व्यवहार, बँकेचा ओटीपी, मग उरला तर आपला. वाचनालयाचं पुस्तक उशाशी पडलेलं असतं, ते सहसा कुणी मागत नाही. आणि मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली सून कादंबरी वाचतेय यावर किती घरांत विश्वास बसतो, ते आपल्याला ठाऊक आहेच!

याचा अर्थ मोबाइल नको असा अजिबात नाही. तो वाचनालयाच्या जागी नको, वाचनालयाच्या हातात हवा. केरळकडे बघा. तिथे राज्य ग्रंथालय परिषदेच्या योजनेत महिला ग्रंथपाल पिशवीत पुस्तकं भरून घरोघरी जातात. बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना दारात पुस्तक मिळतं. याला फोनची जोड दिली तर? सकाळी व्हॉट्सॲपवर यादी, दुपारी दारात पुस्तक.

सरकारला ई-पुस्तकांच्या परवानग्या मिळवता येत नाहीत असंही नाही. २०२३ च्या अर्थसंकल्पात मुलांसाठी डिजिटल ग्रंथालयाची घोषणा झाली, आणि नॅशनल बुक ट्रस्टने सांभाळलेलं ‘राष्ट्रीय ई-पुस्तकालय’ आता मुलांना मोफत आहे. मुलांसाठी जमतं तर त्यांच्या आयांसाठी का नाही? आपल्या राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, अ, ब, क, ड अशा वर्गांतली हजारो वाचनालयं सरकारी अनुदानावर चालतात. ते अनुदान ६० टक्क्यांनी वाढवायचं २०२२ मध्ये जाहीर झालं. त्यातच पगार, भाडं, वीज आणि पुस्तकं बसवायची. अशा वाचनालयाने एकट्याने ई-पुस्तकांच्या परवानग्या घ्याव्यात ही अपेक्षाच चुकीची. ते काम राज्याने एकदाच, सगळ्यांसाठी करायला हवं.

आपण काय करायचं? वाचनालयाची वार्षिक सभा असते. सभासद असून आपण तिकडे किती वेळा फिरकतो? या वर्षी जाऊ या. पुस्तकांची यादी फोनवर मिळावी, आठवड्यातून एकदा पुस्तकं वस्तीत यावीत, कार्यकारी मंडळावर वाचणाऱ्या बायका असाव्यात, हे तिथे मांडू या. आणि सभासदत्वाची वर्गणी थकली असेल तर आधी ती भरून टाका. सभासदच उरले नाहीत तर ‘लोकांना वाचनालय नकोच आहे’ असं म्हणणाऱ्याला पुरावा आपणच दिल्यासारखं होईल.