टोनी, ॲलेट आणि आपल्या नागपूरची शारदा

सिडने शेल्डनचं 'टेल मी युवर ड्रीम्स' १९९८ साली आलं. आमच्याकडे ते बर्डीच्या फुटपाथवरून सेकंडहँड आलं, आणि आल्यापासून घरात म्हणून टिकलं नाही. धरमपेठ, प्रतापनगर, मग वर्धा, मग पुन्हा धरमपेठ. दर उन्हाळ्यात कोणीतरी नवीन वाचतं आणि मग जेवणाच्या टेबलावर चर्चा. ती चर्चा इतक्या वेळा ऐकली आहे, की आता त्यावर लिहायलाच हवं असं वाटलं.

(ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी इथेच थांबावं. पुढे मी सगळं फोडणार आहे!)

तर मतं अशी. वहिनीचं म्हणणं, एका रात्रीत संपवलं, कूलरमधलं पाणी संपलं तरी उठली नाही. मामेभाऊ म्हणतो, पन्नास पानांतच ओळखलं होतं. (तो सगळंच पन्नास पानांत ओळखतो, पण सांगतो मात्र पुस्तक संपल्यावर.) भाचीला कोर्टाचा भाग फार लांबवलेला वाटला आणि हॉस्पिटलचा भाग आवडला. आणि आत्या, जिने ते वाचलंच नाही, फक्त गोष्ट ऐकली, ती म्हणाली, "हे असं तिकडे अमेरिकेतच होते बापा. आपल्याकडे कुठं काय."

आत्याच्या या वाक्यावर मी बरंच काही बोलू शकते, पण आधी गोष्ट थोडक्यात. ॲशली पॅटर्सन नावाची सरळसाधी, कॉम्प्युटर कंपनीत काम करणारी मुलगी. तिच्याच ऑफिसात टोनी, इंग्लंडमध्ये वाढलेली, तोंडाळ, गाणारी. आणि ॲलेट, इटालियन, चित्रं काढणारी, हळवी. पुरुषांचे खून होत जातात आणि संशय फिरत फिरत ॲशलीपर्यंत येतो. मग कळतं की तिघी एकच आहेत. वकील वेडाचा बचाव घेतो, ॲशली सुटते आणि हॉस्पिटलात जाते. तिथे डॉक्टर तिघींना हळूहळू एकमेकींशी ओळख करून देतात. मूळ कुठे सापडतं? तिच्या बापात. बाप मोठा नावाजलेला हार्ट सर्जन, आणि त्याने लहानपणी पोटच्या मुलीचं लैंगिक शोषण केलेलं.

आता आत्याचं वाक्य. आपल्याकडे कुठं काय?

आपल्याकडे म्हणजे अगदी इथे, नागपुरातच, १९७४ मध्ये असं काही घडलं की त्याच्यावर अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या मोठ्या मासिकात लेख छापून आला. बाईंचं नाव उत्तरा. आडनाव पुस्तकांत छापलेलं आहे, मी इथे लिहीत नाही. त्या उच्चशिक्षित होत्या, नागपूर विद्यापीठात शिकवायच्या, मराठी घरातल्या. वय तेव्हा तेहेतीसच्या आसपास. एके दिवशी त्यांनी मराठी बोलणं बंद केलं आणि बंगाली बोलायला लागल्या. नाव सांगितलं शारदा. साडी बंगाली पद्धतीने नेसायची. आईवडिलांना ओळखायची नाही. त्यांचं मराठी तिला कळेना आणि तिचं बंगाली घरच्यांना. विजेचा दिवा, रेल्वे असल्या गोष्टी तिला ठाऊकच नाहीत, कारण तिच्या हिशेबाने काळ होता एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. आपल्याला सात महिने झाले आहेत आणि सापाने पायाच्या बोटाला दंश केला, एवढं तिला आठवायचं. त्यापुढे काही नाही. कधी एक दिवस, कधी कित्येक आठवडे शारदा राहायची, मग पुन्हा उत्तरा परत यायची आणि मधल्या दिवसांचं तिला काही आठवायचं नाही.

पुनर्जन्माच्या केसेस गोळा करणारे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन आणि बंगळुरूच्या निम्हान्समधल्या सतवंत पसरिचा यांनी याचा अभ्यास केला. १९७९ मध्ये त्यांचा छोटा लेख आला, १९८४ मध्ये स्टीव्हन्सनच्या पुस्तकात सविस्तर. पुण्याच्या वि. वि. अकोलकरांनीही वेगळा तपास करून १९९२ मध्ये लिहिलं. शारदेने सांगितलेली वडील, आजोबा, काका वगैरेंची नावं हुगळीकडच्या बान्सबेरियातल्या एका चट्टोपाध्याय घराण्याच्या वंशावळीशी जुळली. पण त्या वंशावळीत फक्त पुरुषांची नावं होती! म्हणजे शारदा नावाची मुलगी त्या घरात खरोखर होती की नाही, हे त्या कागदावरून कळणं शक्यच नाही. मला या सगळ्या प्रकरणातली ही गोष्ट सगळ्यात जास्त लागली.

याच्यावरही मतं आहेतच. स्टीव्हन्सन म्हणतात, न शिकलेली भाषा इतकी अस्खलित येणं याचा साध्या कारणांनी उलगडा होत नाही. टीकाकार म्हणतात, न शिकलेली कशावरून? उत्तराबाईंनी बंगाली वाचायला थोडंफार शिकलेलं होतं, संस्कृत येत होतं. आणि मी नागपूरकर म्हणून त्यात भर घालते. इथे बंगाली काही परकं नाही हो. बंगाल नागपूर रेल्वेपासून इथे बंगाली कुटुंबं आहेत. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस. धंतोलीत १९२८ पासून रामकृष्ण मठ. दुर्गापूजा पाहायला आम्ही शाळेत असल्यापासून जातो. आणि मामा वरेरकरांच्या अनुवादातून शरच्चंद्र वाचून डोळे पुसणाऱ्या किती आज्या आणि आया असतील इथे! बंगाली बाई म्हणजे मोठे डोळे, लाल काठाची साडी आणि दुःख, हे चित्र मराठी मनात केव्हाचं पक्कं बसलेलं आहे.

माझं मत म्हणाल तर मला पुनर्जन्म पटत नाही. पण "नाटक करत होत्या" हेही मुळीच पटत नाही. मन स्वतःपासून एवढं लांब जाऊ शकतं की आपली मातृभाषासुद्धा मागे ठेवून जातं, हे मला पुनर्जन्मापेक्षाही जास्त अद्भुत वाटतं. 'भूलभुलैया' (२००७) आठवा. अवनीची मंजुलिका होते तेव्हा तीही बंगालीच बोलते. मूळ मल्याळम 'मणिचित्रताळ' (१९९३) मध्ये गंगाची नागवल्ली होते, ती बोलते तमिळ. म्हणजे दुसरी जी कोणी येते ती शेजारच्या भाषेतली, अर्धी ओळखीची, अर्धी अनोळखी. टोनी आणि ॲलेटपण अमेरिकन नाहीतच की! एक इंग्लंडची, एक इटलीची. मामेभावाला हे पन्नास पानांत दिसलं नव्हतं. :)

आणि आत्यालाही हे नवीन नाही. फक्त ती त्याला वेगळं नाव देते. नवरात्रात, पौर्णिमेला गावाकडे बायकांच्या अंगात येतं ते तिने लहानपणापासून पाहिलंय. एरवी सासूपुढे मान वर न करणारी बाई, अंगात आलं की सासूला अरेतुरे करते, घरातल्या पुरुषांना पायावर डोकं ठेवायला लावते, मग घोटभर पाणी पिऊन पुन्हा चुलीपुढे बसते. १९८९ मध्ये आपल्याच काही डॉक्टरांनी अमेरिकन मासिकात लिहिलं होतं, की अनेक व्यक्तिमत्त्वांच्या केसेस भारतात फार कमी दिसतात, कारण आपल्याकडे तेच दुखणं अंगात येण्याच्या रूपाने बाहेर पडतं. अमेरिकेतल्या निदानाच्या पुस्तकाने २०१३ च्या आवृत्तीत अखेर झपाटल्याचा अनुभवही या आजाराच्या व्याख्येत घेतला. अंगात येणारी प्रत्येक बाई आजारी असते असं नाही. पण प्रत्येक जण ढोंगी असतो असंही नाही, आणि आमच्यासारख्या विवेकवादी म्हणवणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं. जादूटोणाविरोधी कायदा (२०१३) झाला, फार चांगलं झालं. मांत्रिकाला पकडता येतं. पण त्या बाईला दुसरीकडे कुठे बोलता येईल, याची सोय त्या कायद्यात कशी असणार?

इकडे अमेरिकेतही सगळं सरळ नाही. १९७३ च्या 'सिबिल' या पुस्तकानंतर तिकडे अशा केसेसचं पेवच फुटलं, आणि २०११ मध्ये डेबी नेथन या पत्रकार बाईंनी कागदपत्रं धुंडाळून दाखवलं, की सिबिलची बरीचशी व्यक्तिमत्त्वं डॉक्टरबाईंच्या औषधांमधून आणि आग्रहामधून आलेली होती. हा वाद मिटलेला नाही. शेल्डन मात्र असा वाद असल्याचं कोर्टातल्या भांडणापुरतं वापरतो आणि सोडून देतो. शिवाय त्याने रुग्णाला खुनी केलंय, ते मला अजिबात आवडलेलं नाही. हा आजार असलेली माणसं दुसऱ्याला मारत सुटत नाहीत, बहुतेक वेळा स्वतःलाच इजा करून घेतात. उपचार घेणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त जणांनी कधीतरी आत्महत्येचा प्रयत्न केलेला असतो, असं त्याच निदानाच्या पुस्तकात लिहिलंय. पण त्यावर थ्रिलर होत नाही.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. इतकी वर्षं, इतक्या उन्हाळ्यांत, आमच्या टेबलावर टोनीवर बोललं गेलं, ॲलेटवर, वकिलावर, शेवटावर. बापावर कोणी बोललं नाही. एकदाही नाही. वहिनी एवढंच म्हणाली, "ते जरा घाण आहे." आणि भाजी वाढायला घेतली.

(उत्तराबाईंच्या बाबतीत असं काही कुठे नोंदलेलं नाही, आणि मी ते सुचवतही नाही. दोन गोष्टी एका लेखात आल्या म्हणून जोडू नयेत.)

२००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने बालशोषणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतली १२,४४७ मुलं. त्यातल्या ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला. निम्म्या वेळा करणारा माणूस ओळखीचा, विश्वासातला. पोक्सो कायदा त्यानंतर, २०१२ मध्ये आला. आमच्या टेबलाभोवती उन्हाळ्यात दहा-बारा माणसं आणि चार-पाच पोरं असतात. मी गणित मांडत नाही, आपल्याच माणसांबद्दल असं गणित मांडवत नाही. पण आकडा डोक्यातून जातही नाही.

पुस्तकाच्या शेवटाकडे त्या सर्जनसाहेबांचं लग्न ठरतं. बाईला आधीची एक लहान मुलगी आहे. पेपरात तिघांचा फोटो येतो. सगळ्यांना तो शेवट म्हणजे शेल्डनची नेहमीची चलाखी वाटते, दुसऱ्या भागाची सोय. मला नाही वाटत. बापावर खटला भरल्याचं पुस्तकात कुठे नाही. कोर्टाचं काम झालं, डॉक्टरांचं काम झालं, ॲशली बरी झाली म्हणून सही झाली. पण फोटोतल्या त्या छोट्या मुलीचं काय, हा प्रश्न पडून पेटून कोण उठतं? जिला आजार म्हणून पुसून टाकलं होतं, ती टोनी.

भाची यंदा दहावीला आहे आणि तिच्या मैत्रिणीला ते पुस्तक हवंय. वहिनी नको म्हणते आहे. मी देणार आहे, आणि दोघींनी वाचलं की मी दोघींशी बापाबद्दलच आधी बोलणार आहे, भाजी थंड झाली तरी चालेल.