मोटारीतील उबेचा पंखा बंद पडतो तेव्हा

पौष-माघाची थंडी मुंबईच्या रहिवाशास एखाद्या लोकरी बंडीने भागविता येते. परंतु दिल्ली, डेहराडून, सिमला किंवा श्रीनगर येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या कुटुंबास मोटारीतील उबेच्या पंख्याचे मोल पहिल्याच गारठ्यात कळून येते. हा पंखा केवळ सुखासाठी असतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो अपुरा होय. बंद गाडीत चार माणसे बसली की त्यांच्या श्वासातील बाष्प थंड काचेवर जमते आणि समोरचा रस्ता धूसर होतो. ते दव घालविण्याचे काम हाच पंखा करतो. म्हणून धुक्याच्या प्रदेशात किंवा घाटरस्त्यावर त्याची गणना दिव्यांच्या व वायपरच्या बरोबरीने केली पाहिजे.

त्याची रचना साधी आहे. इंजिनातून तापून आलेले पाणी डॅशबोर्डामागील एका लहानशा रेडिएटरमधून फिरते आणि विजेचा पंखा त्यावरून हवा ढकलतो. कारागीर या पंख्यास ‘ब्लोअर’ म्हणतात. यावरून पहिला विवेक सुचतो. पंखा फिरत असून हवा थंड येत असेल, तर दोष पंख्याचा नव्हे. पाणी कमी झाले असेल, हीटरचा व्हॉल्व्ह उघडत नसेल किंवा थर्मोस्टॅट उघडा राहून इंजिनच पुरेसे तापत नसेल. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. काचेवर तेलकट थर व गाडीत गोडसर वास येत असेल, तर आतला रेडिएटर गळत आहे असे समजावे.

पंखाच फिरत नसेल, तर प्रथम फ्यूज पाहावा. तो शाबूत असल्यास बारा व्होल्टचा लहान दिवा दोन तारांस जोडून घ्यावा, कळ चालू करावी आणि पंख्याच्या जोडणीपाशी तो लावून पाहावा. दिवा लागला, तर वीज तेथवर पोहोचते आहे. दोष मोटरमध्ये आहे. दिवा लागला नाही, तर त्याचे एक टोक गाडीच्या स्वच्छ, उघड्या धातूस व दुसरे वीज आणणाऱ्या तारेस लावावे. आता तो लागल्यास दोष अर्थिंगच्या बाजूस आहे असे ठरते. तरीही न लागल्यास रिले, कळ व तिची जोडणी तपासावी. जुन्या गाड्यांत या जोडणीचे प्लॅस्टिक उष्णतेने वितळलेले पुष्कळदा आढळते. मोटरच्या आवरणावर हलकेच टिचकी मारताच पंखा फिरू लागला, तर आतील कार्बन झिजले आहेत. अशी मोटर आज चालली तरी उद्याच्या प्रवासात भरवशाची नाही.

आवाजही बरेच सांगून जातो. कर्कश चीत्कार हा कोरड्या पडलेल्या बुशाचा. टकटक ही पात्यांत अडकलेल्या वाळक्या पानाची. गाडी झाडाखाली उभी राहत असेल, तर पाने, कधी उंदराचे घरटेसुद्धा, पंख्यात सापडते.

सर्वांत बोलके लक्षण मात्र निराळेच आहे. खालच्या वेगांवर पंखा चालत नाही आणि कळ शेवटच्या वेगावर नेली की जोराने फिरू लागतो. याचे कारण असे की, बहुतेक जुन्या गाड्यांत खालच्या वेगांसाठी वीज एका रोधकातून, म्हणजे ‘रेझिस्टर’मधून जाते, तर शेवटच्या वेगास ती थेट मोटरला मिळते. अर्थात येथे रोधक जळाला आहे. हा भाग स्वस्त असतो, बदलणेही सोपे असते; आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. नवा रोधक बसतो, पंखा चालतो आणि काही आठवड्यांनी रोधक पुन्हा जळतो. मग दोष दिला जातो नव्या भागाला.

वास्तविक हा रोधक पंख्याच्याच वाऱ्यात बसविलेला असतो, तो त्याच वाऱ्याने थंड राहावा म्हणून. बुश कोरडा पडून मोटर जड फिरू लागली की ती अधिक वीज ओढते, रोधक अधिक तापतो. आणि पंखा मंदावल्यामुळे त्याला थंडावा देणारा वाराही कमी पडतो. अशा दुहेरी माराने तो जळतो. म्हणून नवा रोधक बसविण्यापूर्वी पंखा हाताने फिरवून पाहावा. तो सहज फिरून हळूहळू थांबला तर ठीक. अडखळला तर मोटरची दुरुस्ती आधी करावी आणि हवा येण्याचा मार्ग साफ करावा.

हेच सूत्र फ्यूजलाही लागू आहे. जितक्या अँपिअरचा फ्यूज गाडीच्या पुस्तिकेत सांगितला असेल, तितक्याच अँपिअरचा घालावा. वारंवार जातो म्हणून त्याच्या जागी जाड तार किंवा चांदीचा कागद घालणे हे पहारेकऱ्यास झोपविण्यासारखे आहे. मग फ्यूजऐवजी डॅशबोर्डामागील तारा तापतात आणि गाडीत आग लागण्याचा धोका संभवतो.

काम हाती घेण्यापूर्वी गाडी बंद करावी. भाग सोडविताना बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. एअरबॅग असलेल्या गाडीत डॅशबोर्डाखालील पिवळ्या जोडण्यांस हात लावू नये. तेथे जाणत्या कारागिरालाच बोलवावे. दुरुस्ती होईपर्यंत प्रवास टाळता येत नसेल, तर दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर उघड्या ठेवाव्यात आणि बाहेरची हवा आत येऊ द्यावी. थोडी थंडी सोसावी लागेल, पण काच स्वच्छ राहण्यास मदत होईल. एवढे करूनही रस्ता दिसेनासा झाला, तर गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबवावी.

शक्य तर थंडीपूर्वीच, आश्विनात, एकदा पंखा सर्व वेगांवर चालवून पाहावा. आणि कारागीर जळालेला भाग हातात देऊन ‘हा गेला होता’ असे म्हणाला, तर त्याला आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : तो कशामुळे गेला?