घरट्यातील अंडी आणि औषधाची घाई

आरे वसाहतीतील पाड्यांच्या परसबागा असोत वा बोरिवलीपलीकडील गोराईचे भाजीमळे असोत. पावसाळ्यात शेणखतावर व पालापाचोळ्याच्या आच्छादनावर एक चमत्कारिक वस्तू उगवलेली दिसते. जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर रुंदीची तपकिरी वाटी आणि तिच्या तळाशी मोहरीएवढ्या, चपट्या, काळसर गोट्या. पाहणाऱ्यास चिमुकल्या घरट्यातील अंडीच वाटावीत! ही किडीची अंडी, असे समजून शेतकरी धास्तावतो आणि फवारणीचा पंप बाहेर काढतो.

वस्तुतः ती एक बुरशी असून शास्त्रात तिला सायथस म्हणतात. कोवळेपणी वाटीच्या तोंडावर पांढुरका पडदा असतो. तो फाटला की गोट्या उघड्या पडतात. प्रत्येक गोटीत असंख्य बीजाणू असतात. पावसाचा टपोरा थेंब वाटीत आदळताच गोटी उसळून दूर पडते व आपल्या चिकट दोऱ्याने गवताच्या पात्यास गुंडाळली जाते. ते गवत जनावराने खाल्ले की बीजाणू शेणावाटे पुन्हा बाहेर येतात. कॅनडातील शास्त्रज्ञ हॅरॉल्ड ब्रॉडी यांनी या बुरशांवर 1975 साली स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

गोगलगायीच्या अंड्यांशी मात्र हिची गल्लत होऊ देऊ नये. आफ्रिकी गोगलगायीची अंडी पिवळसर पांढरी, फुगीर, चार-पाच मिलिमीटरची असून मातीत पुंजक्याने सापडतात; त्यांना वाटी नसते. ती वेचून मिठाच्या तीव्र पाण्यात टाकावीत.

सायथस जिवंत रोपावर जगत नाही. काडीकचरा व शेण कुजविणे हेच तिचे काम. तिच्यावर बुरशीनाशक मारणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय. विचारणाऱ्यास काहीतरी औषध सांगितलेच पाहिजे, असा आम्हा कार्यकर्त्यांचा एक समज असतो. तो सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खिशात एक भिंग असावे व आधी वाटीत डोकावावे.

रोपे पिवळी पडली असतील तर दोष बहुधा अर्धवट कुजलेल्या खताचा असतो. मातीत मिसळलेला भुसा-काड्या कुजताना जमिनीतील नत्र ओढून घेतात. असे खत वाफ्यात न घालता उकिरड्यातच ओलसर ठेवावे, अधूनमधून उलथावे आणि काळेभोर, भुसभुशीत झाल्यावरच वापरावे. वाट्या तेथे उगवल्या तर उगवू द्याव्यात.