समुद्र सगळीकडे सारखा नसतो

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपण म्हणतो. समुद्राचे पाणी मात्र इथूनतिथून सारखेच खारे, अशी आपली समजूत असते. किलोभर समुद्राच्या पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात हा आकडा ४० पर्यंत जातो, तर बाल्टिक समुद्राच्या बऱ्याच भागात जेमतेम ७-८ वर येतो.

इतके लांब जायलाही नको. आपल्याच देशाच्या दोन अंगांना दोन निराळे समुद्र आहेत. अरबी समुद्रात पावसाने येते त्यापेक्षा जास्त पाणी वाफ होऊन जाते. उत्तरेकडे त्याची क्षारता ३६ च्या वर असते. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रा गोडे पाणी आणि प्रचंड गाळ आणून ओततात. हे हलके पाणी दुधावरच्या सायीसारखे वर राहते. वाऱ्याला खालचे गार पाणी सहजी घुसळून वर आणता येत नाही, पृष्ठभाग तापलेला राहतो आणि वादळांना बळ मिळते. चक्रीवादळ म्हणजे पूर्व किनाऱ्याचे दुखणे, असे आपण समजत आलो, त्यामागे हेही एक कारण होते. आता अरबी समुद्रही तापू लागला आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ने कोकणाला झोडपले. पाण्याचे तापमान हा आता केवळ शास्त्रज्ञांचा विषय उरलेला नाही.

मोजमाप होत नाही असे नव्हे. जगातील महासागरांत सुमारे चार हजार ‘आर्गो’ तरंगक तापमान आणि क्षारता नोंदवत फिरतात. पण ते साधारण दोन हजार मीटर खोल बुडी मारणारे. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात त्यांचा उपयोग नाही. उपग्रह पाण्याचा रंग टिपतात, पण ढग आले की त्यांची दृष्टी थांबते, आणि गढूळ पाण्यात गाळ कोणता नि प्लवक किती, हे ओळखणे अवघड होते. म्हणजे आपला कोळी जिथे जाळे टाकतो आणि शहरांचे सांडपाणी जिथे मिसळते, नेमके तेच पाणी मोजायला सर्वांत कठीण!

त्यावर उपाय आहे आणि तो महागडा नाही. १८६५ मध्ये अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरूने पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडून, ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते यावरून पाण्याची पारदर्शकता मोजली. तबकडी, तापमापक आणि क्षारतामापक एवढ्या सामग्रीवर कोकणातील महाविद्यालये आणि मच्छीमार संस्था प्रत्येक खाडीच्या मुखाशी दर पंधरवड्याला नोंदी घेऊ शकतात. सरकारने त्यासाठी कायमची तरतूद करावी आणि नोंदी मराठीत सर्वांसाठी खुल्या ठेवाव्यात. अशा कामाचे उद्घाटन होत नाही, फीत कापता येत नाही. म्हणूनच ते मागे पडते. एका वर्षाच्या नोंदीला फारसा अर्थ नसतो. वीस वर्षांच्या सलग नोंदी मात्र बंदराइतक्याच मोलाच्या ठरतात, आणि त्या मागाहून विकत घेता येत नाहीत.