हरणाला फूट-पाउंड कळत नाहीत

परवा ऑफिसातल्या एका अमेरिकन मित्राशी कडाक्याचं भांडण झालं. विषय: शिशाची ओतीव गोळी. हसू नका! भारतात १९७२ च्या कायद्यापासून शिकार हा विषय आपल्याला परका, पण हा गडी दर नोव्हेंबरात .४४ मॅग्नम रिव्हॉल्वर घेऊन हरणांमागे जातो.

त्याच्या मते ओतीव गोळी जुनाट. "एनर्जी बघ, एनर्जी!" अहो, कसली एनर्जी? २४० ग्रेनची गोळी सेकंदाला १३५० फुटांनी सुटली तरी जेमतेम ९७० फूट-पाउंड. .३०-०६ रायफल याच्या जवळजवळ तिप्पट देते. या शर्यतीत रिव्हॉल्वर हरणारच.

रिव्हॉल्वर मारतं ते भोकाने. एल्मर कीथची सपाट नाकाची २५० ग्रेनची ओतीव गोळी १९५५ साली आलेल्या .४४ मॅग्नमपेक्षाही जुनी. सपाट नाक मांस फाडत आरपार जातं. दोन भोकं, रक्ताचा माग, हरीण सापडतं. गोल नाकाची कडक गोळी मांस बाजूला सारून निघून जाते, आणि जनावर झाडीत कुठेतरी तडफडत मरतं.

'जितकी कडक तितकी भारी' म्हणणारेही थोरच. हरीण म्हणजे काय गवा आहे? थोडं कथील घातलेलं मऊसर शिसं पुरतं. लायनोटाइपसारखा कडक मिश्रधातू फुलत तर नाहीच, हाडावर कधी तुटतोही.

असो. मागच्या मोसमात मित्राचं एक हरीण जखमी होऊन पळालं, सापडलंच नाही. किती लांबून मारलंस, विचारलं. म्हणाला, शंभर यार्ड. साध्या उघड्या साइटने! आता बोला.