ओळखीचा माणूस

बँकेत असताना एकदा ओळखीचा शिपाई चेक घेऊन आला, म्हणून मी नमुना सही न पडताळता तो पास केला. सही खोटी निघाली!

१९८३ साली बर्कलीच्या युनिक्समध्ये हीच रीत होती. दूरच्या संगणकावर हुकूम चालवायला ‘आरसीएमडी’, परवानगी तपासायला ‘आरयूजरओके’. विश्वासू यंत्रांच्या यादीत नाव असले आणि निरोप १०२४ च्या आतल्या पोर्टवरून आला, की पासवर्ड न विचारता दार उघडे. चार घरोब्याच्या यंत्रांपुरते ते ठीकही होते म्हणा. पण घरोबा वाढला तरी तपासणी तीच राहिली, हा माझ्या मते खरा दोष. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिसचा ‘वर्म’ याही वाटेने यंत्रांत शिरला. १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी गुप्त किल्लीने ओळख पटवणारे ‘एसएसएच’ लिहिले.

पुढे मी त्या शिपायाला सही ताडेपर्यंत थांबवी, तेव्हा तो रुसे. बिचाऱ्याच्या हाती चेक दुसऱ्यानेच दिला होता.