दर्जा कोणाच्या हाती?



विद्यापीठातील पदव्युत्तर शिक्षणाचा विषय निघाला की एक जुनेच रडगाणे हटकून कानी पडते : राखीव जागांमुळे दर्जा घसरतो. आपल्या घरातील मुलगी एम. ए. होऊन संशोधनाच्या दाराशी पोहोचते, तेव्हा तिचे स्वागत याच वाक्याने होते. या आरोपाने ओशाळण्याचे आपणांस काडीमात्र कारण नाही. परंतु दर्जाची चर्चा इतरांवर सोपवून स्वस्थ बसणेही आपणांस परवडणारे नाही.

उच्च शिक्षणसंस्थांतील दर्जाचा समन्वय व निश्चिती हा विषय राज्यघटनेने केंद्रसूचीत ६६ व्या क्रमांकावर घातला आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचा १९५६ चा कायदा त्याच पायावर उभा आहे. म्हणजे दर्जा ही कोणा प्राध्यापकाची खाजगी मिळकत होऊ शकत नाही. तो कागदावर लिहावयाचा व सर्वांना सारखाच लावावयाचा. तरीही घोडे पेंड खाते ते मुलाखतीच्या खोलीत. लेखी परीक्षेत उत्तर बोलते. येथे आडनाव, गाव आणि इंग्रजीचे उच्चार उमेदवाराच्या आधीच जाऊन बसलेले असतात.

हा केवळ संशय आहे काय? दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्रा. अब्दुल नाफे यांच्या समितीने प्रवेशाची आकडेवारी तपासली, तेव्हा लेखी व तोंडी गुणांतील तफावत सामाजिक वर्गानुसार सातत्याने आढळली. तोंडी परीक्षेचे गुण ३० वरून १५ वर आणावेत, अशी शिफारस तिने २०१६ साली केली. आणि त्याच वर्षी आयोगाने नियम काढले ते नेमके उलट दिशेचे! लेखी परीक्षा पात्रतेपुरती, आणि निवड मुलाखतीवर. पुढे ही चूक सुधारावी लागली. २०२२ च्या नियमांनुसार विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेतून पीएच. डी. ला येणाऱ्यांसाठी लेखीला ७० व मुलाखतीला ३० असा हिशेब आहे.

तीस गुण थोडे वाटतात. परंतु लेखीत ६० मिळविणाऱ्यास मुलाखतीत ५ दिले आणि ४५ मिळविणाऱ्यास २५ दिले, की पहिल्याची बेरीज ६५, दुसऱ्याची ७०. लेखीत पंधरा गुणांनी पुढे असलेला बाहेर राहिला. दर्जा कोठे घसरला, हे आता त्या आरोप करणाऱ्यांनीच सांगावे.

कठोर कसोटीस आपली हरकत कधीच नव्हती. रुपयाच्या प्रश्नावरील बाबासाहेबांच्या प्रबंधास लंडनच्या परीक्षकांनी प्रथम आक्षेप घेतला. त्यांनी तो नव्याने सिद्ध करून सादर केला आणि १९२३ साली डी. एस्सी. संपादन केली. आक्षेप सांगितला गेला म्हणून त्यास उत्तर देता आले. मुकाट्याने दिलेल्या पाच गुणांना उत्तर ते कोणते द्यावयाचे? लेखी उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थींचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केला आहे. मुलाखतीला उत्तरपत्रिकाच नसते. म्हणून कशास किती गुण हे आधी जाहीर व्हावे, प्रत्येक परीक्षकाने आपले गुण स्वतंत्र लिहावेत आणि ते कागद जपून ठेवले जावेत, ही आपली मागणी असली पाहिजे.

नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी एवढे ध्यानात ठेवावे, की १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या सवलती कायद्याने मान्य केल्या आहेत. पीएच. डी. साठी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के लागतात, तेथे आपणांस ५ टक्क्यांची सूट आहे. जागांची संख्या, विषयवार वाटणी, निकष व आरक्षण विद्यापीठाने आगाऊ जाहीर करावयाचे असते. ती जाहिरात विहारात मोठ्याने वाचली जावी. निकाल लागताच लेखी व मुलाखतीचे गुण निरनिराळे मागावेत. न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करावा आणि त्याची पोच घरी जपून ठेवावी.